वाचकांचे प्रश्न: "मी घरी काय घेऊन जाऊ?"

मागच्या अंकात मी सहज लिहून बसलो की चर्चच्या सणांबद्दल, प्रवचनाबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि बाप्पा, ढीगच लागला. बरोबरच आहे म्हणा, २९ नोव्हेंबरला आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघायचे आठवडे, सुरू होतोय, म्हणजे आपल्या चर्चचं नवं वर्ष, आणि नव्या वर्षाच्या तोंडावर सगळ्यांनाच काहीबाही आठवतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. जी पत्रं डोक्यातून जाईनात ती घेतली.

प्रश्न: जय ख्रिस्त पाळकसाहेब. मी अजनीला राहतो, रेल्वेत आहे, ड्युटी जुळली तर रविवारी उपासनेला जातो. आमच्याकडे प्रवचन म्हणजे दर रविवारी बोलणी. प्रार्थना कमी करता, दान कमी देता, मोबाईल जास्त बघता, पोरांना वेळ देत नाही, आणि शेवटी चला आपण सुधारू या, आमेन. नाताळ असो की ईस्टर, गाडी त्याच स्टेशनवर येऊन थांबते. मला कंटाळा येतो हे माझं पाप आहे का? लुथरन प्रवचन नेमकं कसं असतं?

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि मला माझं पहिलं वर्ष आठवलं. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो, सौंसरकडच्या एका छोट्याशा मंडळीत मला पाठवलं, आणि मी तिथे लागोपाठ तीन महिने अगदी तुम्ही लिहिलंय तशीच प्रवचनं केली. हे करा ते करू नका. आवाज पण चांगला लागायचा माझा तेव्हा. एका रविवारी उपासना झाल्यावर एक म्हातारी दारातच थांबली आणि म्हणाली, "पाळकबाबा, तुमी सांगता ते समदं खरं हाये, पण मी घरी काय घेऊन जाऊ?" मला वाटलं हिला रेशनबिशन पाहिजे असेल. तर ती म्हणे, "काय कराचं ते तर मले माईतच हाये, होत नाही म्हणून तर येतो इथं."

सेमिनरीत चार वर्षं जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या दारात शिरलं, आणि मग घरी जाऊन मी मार्टिन लुथरचं, ज्याच्या नावाने आपण लुथरन म्हणवतो त्याचं, ते जुनं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. १५२१ मध्ये त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवलं होतं, तिथे बसून त्याने चर्चच्या वर्षातल्या रविवारांसाठी आणि सणांसाठी प्रवचनं लिहायला घेतली, गावोगावच्या पाळकांना नीट प्रवचन करता येत नव्हतं म्हणून, आणि १५२२ मध्ये ती छापून निघाली. त्याच्या सुरुवातीलाच एक छोटा लेख आहे, शुभवर्तमानात काय शोधायचं यावर, आणि त्यात तो बजावतो की ख्रिस्ताचा मोशे, म्हणजे नुसता आज्ञा देणारा, करू नका. म्हणजे ख्रिस्त आधी देणगी म्हणून घ्या, तो तुमचा आहे, त्याने जे केलं ते तुमच्यासाठी केलं, आणि ते हातात आल्यावर मग त्याचं उदाहरण गिरवा. तो क्रम उलटा झाला की प्रवचनाची बोलणी होतात. तुमच्याकडे तेच होऊन राहिलं.

आता याचा अर्थ बोलणी नकोतच असा घेऊ नका हं. नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, पाहिजेच, आणि ते टोचलंच पाहिजे. आगमनाच्या दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान उभा राहतो आणि तो काही गोड बोलत नाही, मत्तयात तर सापाच्या पिल्लांनो म्हणतो थेट. पण योहानाचं बोट शेवटी कुठे जातं? येशूकडे, 'हा पाहा देवाचा कोकरा.' बोट तिथे गेलंच नाही तर तो योहान अर्धाच राहिला. दुसरीकडे आजकाल मोठाल्या मैदानातल्या कन्व्हेन्शनमध्ये उलटं चालतं, नियमशास्त्र औषधालाही नाही, नुसता आशीर्वाद, नोकरी, व्हिसा, प्लॉट. त्यात वधस्तंभ कुठे बसवायचा हे मला तरी आजपर्यंत कळलेलं नाही. तुमच्या पाळकांची बोलणी मला त्यापेक्षा परवडली.

तुम्हाला एक साधी युक्ती सांगतो, मी स्वतः दुसऱ्यांची प्रवचनं ऐकताना हीच वापरतो. क्रियापदं मोजा. करणारा कोण आहे? मी प्रार्थना करावी, मी द्यावं, मी सुधारावं, सगळीकडे मीच असेल तर ख्रिस्त त्या दिवशी सुट्टीवर होता असं समजा. आणि चर्चचं वर्ष बघा ना, त्याची क्रियापदं सगळी त्याची आहेत. आगमनात तो येतो. नाताळात तो देहधारी होतो. ६ जानेवारीला मागी लोकांना, म्हणजे परक्यांना, तो प्रकट होतो. मग तो यरुशलेमेकडे निघतो, मरतो, उठतो, वर जातो, आत्मा पाठवतो. आपलं काम काय, तर बसून ऐकणं, हात पुढे करणं. जुन्या एकवर्षीय पाठांप्रमाणे, म्हणजे त्या त्या रविवारी दर वर्षी तोच उतारा, आगमनाच्या पहिल्याच रविवारी गाढवावर बसून येणारा राजा वाचतात, 'पाहा, तुझा राजा तुझ्याकडे येतो', आणि लुथर त्या एका 'येतो' वर किती वेळ थांबतो, की तू त्याला शोधत गेला नाहीस, तो तुला शोधत आला. तुमच्याकडे तीन वर्षांचं चक्र असेल, मत्तय मग मार्क मग लूक असं, तर यंदा मार्काचं वर्ष सुरू होतंय आणि पहिल्या रविवारी 'जागे राहा' ऐकायला मिळेल. नाईट ड्युटीवाल्याला ते वेगळं समजवायला नको.

कंटाळ्याचं म्हणाल तर पाप नाही, भूक आहे ती. पाळकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, एकदा चहाला बोलवा आणि त्या म्हातारीचा प्रश्न विचारा. मला कोणी चहाला बोलावलं नव्हतं, दारातच विचारलं, तरी काम झालं.

प्रश्न: मी माहेरची सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, सदरची. सासर लुथरन, छिंदवाड्याकडचं. सासूबाई ईस्टरआधीच्या उपासकाळात चाळीस दिवस मटण, चिकन, अंडं काही घरात येऊ देत नाहीत. नवरा म्हणतो लुथरननी हे सगळं सोडून दिलं, आपल्याला बंधन नाही, आणि मागच्या उपासकाळात त्याने सावजीचं पार्सल आणून त्यांच्यासमोर टेबलावर उघडलं. आठ महिने झाले, अजून दोघं नीट बोलत नाहीत. बरोबर कोण?

उत्तर: ताई, आधी एक गंमत सांगतो. तुमची सीएनआय झाली ती २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्याच नागपुरात, आणि तो आगमनाचा पहिला रविवार होता. यंदा तारीख नि वार दोन्ही तेच आलेत. लुथरन त्या एकीकरणात गेले नाहीत, त्यामुळे तुमच्या घरी जे झालं ते म्हणजे एक छोटं एकीकरणच म्हणा, भांडणासकट.

सिद्धांतात नवरा बरोबर. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या लुथरन विश्वासाच्या मूळ कागदात, अन्नाच्या नियमांवर एक अख्खं कलम आहे, की अमुक खाल्लं नाही म्हणून देवाची कृपा मिळते असं शिकवू नका, तिथे ख्रिस्ताचं काम झाकलं जातं. पण त्याच लोकांनी उपास फेकून दिला नाही. लुथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत प्रभुभोजनाच्या तयारीबद्दल लिहिलंय की उपास ही बाहेरची चांगली शिस्त आहे, पण खरा तयार कोण, तर 'तुमच्यासाठी' या शब्दावर ज्याचा विश्वास आहे तो. म्हणजे सासूबाई पण चूक नाहीत, त्या मटण सोडून पुण्य साठवत नसतील तर. साठवत असतील तर त्यांना प्रेमाने सांगा, पण तुम्ही सांगा, त्याने नको. त्याचा सांगण्याचा हक्क सावजीत बुडाला.

कारण पार्सलचं उत्तर लुथरने स्वतःच देऊन ठेवलंय. तो किल्ल्यात असताना इकडे विटेनबर्गमध्ये काही उत्साही मंडळींनी धडाधड सगळं बदलायला घेतलं, मूर्ती काढा, हे खा, ते सोडा, जे तयार नव्हते त्यांनाही ओढत. तो जीव धोक्यात घालून परत आला आणि ९ मार्च १५२२ ला, उपासकाळाच्या पहिल्याच रविवारी, प्रवचनाला उभा राहिला, आणि पुढे रोज, एकूण आठ प्रवचनं. त्यात मांस खाण्याचा विषय आहेच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की तब्येतीसाठी लागत असेल तर खा. कोणी हे पाप आहे म्हणून जबरदस्ती करत असेल तर स्वातंत्र्य दाखवायला मुद्दाम खा. पण समोरचा अजून कच्चा असेल, त्याला धक्का बसेल, तर त्याच्यासाठी खाऊ नकोस. आता तुमच्या नवऱ्याने स्वतःच्या आईला दुसऱ्या खात्यात टाकलं. मला विचाराल तर ती तिसऱ्या खात्यातली आहे. आणि ती खरंच दुसऱ्या खात्यातली असती तरी आईसमोर पार्सल उघडताना जरा दार लोटून घ्यावं माणसाने.

हिशोबाचं पण सांगून टाकतो कारण तुम्ही चाळीस लिहिलंय. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच. म्हणजे सासूबाईंना पटलं तर उपासकाळातसुद्धा सहा वेळा सावजीला वाव आहे. हे मी म्हटलं असं सांगू नका.

प्रश्न: मोहननगरला संडे स्कूल घेते. नोव्हेंबर संपत नाही तर पोरं नाताळची गाणी म्हणायला लागतात, कॅरोल पार्टीचं घरोघरी जाणं पण तेव्हाच सुरू होतं. वडील मंडळी म्हणतात आगमनकाळात नाताळची गाणी चालत नाहीत. मी पोरांना थांबवू का?

उत्तर: थांबवू नका. थांबवलंत तर पोरांना एवढंच कळेल की चर्चमध्ये गाणं म्हटलं की ओरडा बसतो. पण वाट बघणं शिकवा, ते शिकवता येतं. १८३९ मध्ये हाम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचा लुथरन धर्मशास्त्री गरीब पोरांचं वसतिगृह चालवायचा, ती पोरं रोज त्याच्या मागे लागायची की नाताळ कधी, नाताळ कधी, तर त्याने गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान, आणि रोज एक पेटवायची. आगमनाचं चक्र आलं ते तिथून. पोरांच्या कटकटीतून आलं हे मला फार आवडतं. तुम्ही पण करा, चाक नसलं तर स्टीलचं ताट घ्या, फुलं बाजारात मिळतातच. यंदा रविवार २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर असे आहेत.

आणि वडील मंडळींना माझ्यातर्फे एक विचारा, की नाताळ बारा दिवसांचा, ५ जानेवारीपर्यंतचा, मग तुमच्या घरची चांदणी २६ तारखेलाच कशी काय उतरते?

प्रश्न: काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, झालं की चर्चमध्ये सहा महिने नुसता हिरवा कपडा, सण नाही काही नाही, लोकं पण गळतात, पाळक पण सुस्तावतात. हा काळ काहून ठेवला असेल?

उत्तर: दादा, यंदा पेन्टेकॉस्ट २४ मे ला होतं, नवतपाच्या आदल्या दिवशी, आणि मी अग्नीच्या जिभांवर बोलत होतो तेव्हा कूलरसमोर बसलेले लोकं माझ्याकडे असे पाहत होते की हे वेगळं सांगायची गरज आहे का. ३१ मे ला त्रैक्य रविवार, आणि तिथून पुढे २२ नोव्हेंबरपर्यंत पंचवीस रविवार. पेरणी, डवरणी, पोळा, दसरा, सोयाबीन घरात, सगळं यातच येतं. तुमच्या बागेत आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ हातात येता येता पावसाळा उलटतो. मधात तुम्ही बागेत जात नाही का? फूल बघायला सगळे येतात, पाणी द्यायला तुम्हीच.

या काळातल्या पाठांत येशू शिकवतो, बरं करतो, लोकांच्या घरी जेवतो. म्हणजे साधे दिवस. लुथरच्या प्रश्नोत्तरावलीत सकाळची प्रार्थना आहे, ती म्हणून झाली की काय करायचं तर आनंदाने आपल्या कामाला लागायचं, आणि संध्याकाळची झाली की लगेच निवांत झोपायचं. बागेला पाणी देणं हे त्याच्या लेखी देवाने नेमलेलं काम आहे, पाळकाच्या कामाइतकंच, शेजाऱ्याच्या पोटात संत्रं जावं म्हणून. पाळक सुस्तावतात ते मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मीही त्यातलाच.

प्रश्न: मुलांना मारबतीची मिरवणूक बघायला नेलं तर चालतं का? शेजारी बोलावतात, आमच्या सेलग्रुपमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनेच्या गटात, मात्र फार कडक बोलतात.

उत्तर: नागपूरचं पोरगं मारबत न बघता मोठं झालं तर त्याला नागपूर काय कळणार. शेजाऱ्यांसोबत रस्त्यावर उभं राहून बघणं आणि पूजा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं पोरांनाही समजतं. घरी आल्यावर मात्र त्यांच्याशी बोला, कारण बोलायला यापेक्षा चांगला दिवस नाही. काळी नि पिवळी मारबत, बडगे, आणि लोकं ओरडतात ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, आणि सगळं वाईट गावाबाहेर नेऊन जाळतात. ही माणसाची फार जुनी ओढ आहे, की वाईटाला एक तोंड द्यावं आणि ते बाहेर घालवावं. नियमशास्त्र इथे आपल्याला कोपऱ्यात गाठतं, ते म्हणतं वाईट पुतळ्यात नाही, तुझ्यात आहे, तुला कुठे नेऊन जाळायचं? आणि मग इब्री पत्राचा तेरावा अध्याय काढा, येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. आपली ईडा पीडा घेऊन बाहेर गेला तो स्वतः. मी एकदा उत्तम शुक्रवारी हे बोललो होतो, दोघांना आवडलं नाही, एका शाळकरी पोराला मात्र पुढच्या पोळ्यापर्यंत लक्षात होतं.

प्रश्न: ऑगस्टमध्ये माझे मिस्टर गेले. आम्ही कामठीला राहतो. नणंद म्हणतात वर्षभर सण नाही, चांदणी लावायची नाही, करंज्या करायच्या नाहीत. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, तो रोज विचारतो आई आपली चांदणी कधी काढायची. मला स्वतःला काहीच करावंसं वाटत नाही, पण त्याला नाही म्हणवत नाही. शास्त्रात काय आहे?

उत्तर: ताई, शास्त्रात वर्षभर सण बंद असा नियम नाही. पण हे मी नणंदेला सांगायला म्हणून लिहीत नाहीये. त्यांचा भाऊ गेलाय. चांदणी लावू नका म्हणताना त्या बहुतेक हेच सांगून राहिल्या की मला बघवणार नाही, आणि हे सरळ बोलणं आपल्याकडे कोणाला जमत नाही.

आपलं चर्चचं वर्ष जसं आहे तसं तुमच्यासमोर ठेवतो. २२ नोव्हेंबर हा वर्षातला शेवटचा रविवार, आणि जर्मन लुथरन मंडळ्यांत हा मृतांच्या स्मरणाचा रविवार आहे, १८१६ साली प्रशियाच्या राजाने तो नेमून दिला, त्या वर्षात गेलेल्यांची नावं उपासनेत वाचतात. तुमच्या पाळकांना आत्ताच फोन करा आणि मिस्टरांचं नाव घ्यायला सांगा, त्यांच्याकडे ही पद्धत नसेल तरी सांगा. नणंदेला सोबत न्या, मुलालाही.

मग नाताळ. लोकांनी नाताळ इतका चकचकीत करून ठेवलाय की ज्याच्या घरी कोणी गेलं त्याला वाटतं आपण यात बसत नाही. पण कॅलेंडर बघा, २५ ला जन्म, आणि २६ ला लगेच स्तेफनाचा दिवस, ज्याला दगडांनी मारलं. २८ ला बेथलेहेमची लेकरं, हेरोदाने मारलेली, आणि राहेल रडतेय, सांत्वन करून घ्यायला तयार नाही, हे वचन त्या दिवशी वाचतात. नाताळच्या बारा दिवसांत रडण्याला जागा आहे, ती चर्चने जुन्या काळापासून ठेवलीय, आपणच तिच्यावर झिरमिळ्या लावल्या. देवदूत ज्यांच्याशी बोलला ते मेंढपाळ रात्रपाळीवर होते, अंधारात, भ्यालेले. 'तुमच्यासाठी आज तारणारा जन्मला आहे' हे त्यांना सांगितलं. तुमच्यासाठी, हा शब्द तुमचा पण आहे, तुम्हाला त्या दिवशी काही वाटो न वाटो. तुमच्या मिस्टरांचा बाप्तिस्मा ज्याच्या नावात झाला तोच हा गव्हाणीतला.

करंज्या राहू द्या यंदा. शेजारून येतीलच, त्या घ्या, नाही म्हणू नका. चांदणी मात्र लावा, मोठी नको, साधी कागदाची पांढरी, आत एकच बल्ब. आणि ती लावायला स्टूलवर नणंदेला उभं करा, मुलाला वायर धरू द्या. त्या नाहीच म्हणाल्या तर जबरदस्ती नको, आतल्या खोलीत मुलाच्या खिडकीला लावा. आणि उपासनेत गाता आलं नाही तर गाऊ नका, बाजूचे गातात तुमच्या वाटचं. मला पत्र लिहा जानेवारीत.

प्रश्न: पुढचं ईस्टर कधी? पुण्याहून घरी यायचंय, रेल्वेचं रिझर्वेशन करावं लागेल.

उत्तर: २८ मार्च २०२७. राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, उत्तम शुक्रवार २६ मार्च. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार असा हिशोब असतो, तेव्हा ती होळीचीच पौर्णिमा आहे, म्हणजे गाड्यांना गर्दी दुप्पट. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठच्या आधी मोबाईल हातात घेऊन बसा.